जैनबी बोट दाखवत नाही

जैनबीनं कधी कुणाकडं बोट दाखवलं नाही. हे मी तिच्या चांगुलपणाचं कौतुक म्हणून सांगत नाही. दोष दाखवायला ती चांगली तिखट होती. पण बोट म्हणजे खरोखरचं बोट, हाताचं, ते ती कशाच्याही दिशेनं लावत नसे. माणसाकडं नाही, जनावराकडं नाही, चंद्राकडंसुद्धा नाही.

नळदुर्गच्या बाहेर, हैदराबादला जाणाऱ्या सडकेला लागून तिचं घर होतं. एखादा लॉरीवाला गाडी थांबवून विचारायचा, "अम्मा, सोलापूर किधर?" जैनबी हाताची घडी घालून दारात उभी असायची. घडी न सोडता ती कोपर हलवायची. आता घडी घातलेल्या हातांना कोपरं दोन असतात आणि ती दोन दिशांना असतात. किती लॉरीवाले सोलापूर म्हणून उलटे हैदराबादच्या वाटेला लागले असतील, देव जाणे. एकजण संध्याकाळी परत येऊन तिच्याशी भांडला. ती म्हणाली, "म्या बरोबर सांगितलं. तू चुकीचं कोपर बघितलंस."

एकदा चावडीत शेळीच्या चोरीची चौकशी चालली होती आणि चोराला पळताना जैनबीनं पाहिलं होतं. चौकशीला आलेले पेशकार म्हणाले, "यातला कोण, बोट दाखवून सांगा." ती म्हणाली, "बोट न्हाय दाखवणार. नाव सांगते." पेशकार म्हणाले, "नाव नको, ओळख पटवायची आहे, दाखवूनच सांगा." शेवटी तिनं हनुवटी पुढं केली. हनुवटीच्या समोर तिघं बसले होते. तिघंही एकदम उठले आणि त्यातल्या दोघांनी न विचारता भलतीच काही कबुली देऊन टाकली.

मी तिला एकदा विचारलं होतं, "भाभी, बोटाचं एवढं काय?"

"बोट आन नळी सारखीच, कासारभाऊ. जिकडं लावली तिकडचं कायतरी झालंच पायजे. उगं लावू न्हाय."

नळी म्हणजे बंदुकीची. ही जैनबी म्हणजे तीच, जिची नेमबाजी बघायला सोलापूरपासून हुमनाबादपर्यंतच्या जत्रांतून माणूस माणसावर चढायचं.

मी बेंबळीचा कासार. बांगड्या भरणाऱ्या माणसानं बंदूकवालीबद्दल लिहावं हे विचित्रच. पण जत्रेत तिचा तंबू आणि माझं बांगड्यांचं पाल वर्षानुवर्षं शेजारी लागायचं, आणि तिचा नवरा दस्तगीर माझा दोस्त. शिवाय माझा एक स्वभाव सांगून ठेवतो. मला सगळं मनाला लागतं. बांगडी भरताना एखादीचं मनगट दुखावलं तर मला जेवण जात नाही. माझी बायको म्हणते, "गिऱ्हाईक घरी जाऊन विसरलं, तुमी कशाला रडताय?" तेव्हा जैनबीबद्दल एक अक्षर वाढवून लिहिलं तर माझीच झोप जाईल, आणि कमी लिहिलं तरी जाईल. जसं आहे तसं लिहितो.

जैनबी मूळची तेरखेड्याची. तिथं घरोघर शोभेची दारू होते. तिची आई विधवा, दुसऱ्याच्या कारखान्यात फटाक्यांचे कागद वळायची. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, जाळून त्याचा कोळसा करायचा, तो कुटायचा, हे जैनबीचं लहानपणचं काम. "म्या जल्मले तवा गोरी होते," ती सांगायची. "ह्यो रंग तुराट्यांचा हाय." घरात कधी पोटभर भाकरी नव्हती. त्यामुळं सुगीच्या दिवसांत आई तिला ज्वारीच्या राखणीला पाठवायची. मचाणासारख्या माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं उडवायची आणि शेतमालक देईल ती कणसं घरी आणायची.

आता ज्यांनी काळ्या रानातली राखण केली नाही त्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. काळ्या रानात दगड नसतो. गोफणीला दगड हवा तर तो ओढ्यातून वेचून, ओटीत भरून, एवढ्या लांब आणावा लागतो. जैनबी तेव्हा एवढीशी, ओटी ती केवढी. एक दगड वाया गेला की पुन्हा ओढा. तेव्हा ती पोर दगड फेकण्याआधी विचार करायला शिकली. आणि दुसरी गोष्ट, तिला पाखरू मारवत नसे. ती पोपट बसलेल्या कणसाच्या खालच्या ताटाला, म्हणजे ज्वारीच्या धांड्याला, दगड मारायची. ताट हलायचं, पोपट उडायचा, कणीस जागेवर राहायचं. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या ताटात होतं असं मला वाटतं. लोक तिच्या नेमाबद्दल बोलतात ते काय लागलं याबद्दल. मी बघितलं ते तिनं काय लागू दिलं नाही ते.

पुढं नाव झालं, पत्र्याचं घर झालं, दारात शेळ्या झाल्या, तरी ओढा दिसला की ती वाकायचीच. गोल दगड उचलून ओटीत टाकायचा. तिच्या दाराशी दगडांचा ढीग असे. नवा माणूस विचारायचा, "भिंत घालताय का?" ती म्हणायची, "न्हाय. भूक हाय ती जुनी."

दस्तगीर जत्रेतला बंदूकवाला होता. एक ठासणीची बंदूक, रंगवलेला वाघाचा पडदा आणि न थांबणारं तोंड, एवढं त्याचं भांडवल. पडद्यासमोर गाडगी टांगून तो फोडायचा. खरं सांगायचं तर निम्मी फोडायचा. निम्मी का राहिली हे तो इतकं सुंदर सांगायचा की लोक त्यासाठीही टाळ्या वाजवायचे. लग्नानंतर जैनबी पडद्यामागं बसून बंदूक ठासून द्यायची. दारू घालायची, गोळी घालायची, गजानं ठोकायची आणि पदराआडून पुढं सरकवायची.

एका उरुसात दस्तगीरचा दिवस वाईट होता. गाडगं काही फुटेना. लोक हुर्यो करू लागले. पडद्यामागून आवाज आला, "श्वास भरून मारताय. छाती वर, नळी खाली."

दस्तगीर वैतागला. "फिर तूच मार."

ती बाहेर आली. पदर खोचला, एक गुडघा टेकला. किती वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी ओरडलं, "अगं मार की." ती बंदुकीवरून नजर न काढता म्हणाली, "घाई गोळीला असती. आपल्याला न्हाय." आणि गाडगं फुटलं.

दुसरा नवरा असता तर त्याच्या मिशीला ते लागलं असतं. दस्तगीरनं डोक्यावरचा पटका काढून हवेत फेकला. त्या क्षणापासून त्यानं बंदुकीला हात लावला नाही. "माझं तोंड आन तिचा हात," तो म्हणायचा, "अल्लानं एकाच माणसाला द्यायचं ते चुकून दोघांत वाटलं. म्हणून निकाह लावावा लागला."

"घाई गोळीला असती" हे मग तिचं पालुपद झालं. भाकरी करपत असली तरी तेच, पाऊस आला आणि वाळवण अंगणात असलं तरी तेच. दारू कोरडी आहे का हे ती गालाला लावून बघायची, आणि ती सवय सगळीकडं गेली होती. पीठ गालाला, कपडा गालाला, माझ्याकडच्या बांगड्यासुद्धा गालाला. माझ्या मुलीच्या लग्नात वाढलेली जिलेबी तिनं गालाला लावली आणि म्हणाली, "दमट हाय, पर लागंल निशाणाला." लांबचं तिला कवडीएवढंसुद्धा दिसायचं. जवळचं मात्र बेताचंच. मीठ आणि साखर यातला फरक तिला चवीवाचून कळत नसे. सुईत दोरा ओवायला कुणी सांगितलं तर म्हणायची, "तिकडं त्या बाभळीला टांग सुई, मग ओवते."

नेम धरताना ती दोन्ही डोळे उघडे ठेवायची. एक डोळा मिटणाऱ्यांचा तिला तिटकारा. गावात बाबूराव नावाचे शिकारी होते. दुनळी बंदूक, बूट, आणि एक डोळा मिटून असा चेहरा करायचे की बघणाऱ्याला वाटावं यांचा दात दुखतोय. जैनबीनं भरल्या जत्रेत त्यांना विचारलं, "बाबूराव, एक डोळा झाकून काय व्हतंय? दोन्ही झाका. देव बघून घेईल." लोक हसले. बाबूराव हसले नाहीत. हे लक्षात ठेवा, बाबूराव पुन्हा येणार आहेत.

आता बांगडीचं सांगतो, कारण त्यात माझा हात आहे.

गाडगी फोडून फोडून दस्तगीरला कंटाळा आला होता. एका दुपारी तो माझ्या पालात आला आणि एक हिरवी बांगडी उचलून घेऊन गेला. मला वाटलं भाभीला नेली. बघतो तर ती दोऱ्यानं आडव्या काठीला टांगलेली, आणि तिच्यामागं हातभर अंतरावर एक कवडी. दस्तगीर ओरडत होता, "आओ, देखो. गोली चुडीमेंसे जाएगी, कवडी फोडेगी, चुडी वैसीच रहेगी."

आमच्या धंद्यात 'फुटली' हा शब्द नाही. बांगडी वाढते. सवाष्णीची बांगडी वाढली तर ती मनातल्या मनात नवऱ्याची दृष्ट काढते, आणि इथं हा माणूस बांगडीवर बंदूक रोखायला निघालेला. बायकांची गर्दी एकदम मागं सरकली आणि मग, न राहवून, पुढं आली. जैनबीनं गुडघा टेकला. मी डोळे मिटले. मी दरवेळी मिटले, हे इथंच सांगून टाकतो. इतक्या वर्षांत मी तिचा नेमाचा एकही बार डोळ्यांनी पाहिलेला नाही. आवाज झाला, डोळे उघडले, तर कवडीचा चुरा आणि बांगडी दोऱ्यावर झोके घेत होती, अखंड.

गर्दीतल्या एका बाईनं ती बांगडी मागून घेतली आणि माझ्याकडूनच हातात भरून घेतली. तिचा नवरा आठवडाभर अंथरुणाला खिळलेला होता. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि त्यानं भाकरी मागितली. झालं. जत्रेत बातमी पसरली की गोळी आरपार गेलेली बांगडी घातली की नवऱ्यावरचं गंडांतर टळतं. बायकांची रांग लागली. माझ्याकडून बांगडी घ्यायची, जैनबीकडं द्यायची, ती टांगणार, बार काढणार, मग परत माझ्याकडं येऊन भरून घ्यायची. मुसलमानांच्या बायका, लिंगायतांच्या बायका, पाटलिणी, सगळ्या एका रांगेत. एका जहागीरदारांच्या घरून तर बंद मेण्यातून बांगडी आली आणि मेण्यातूनच परत गेली.

जैनबीला या सगळ्याचं हसू यायचं. "गोळीला काय कळतंय बायांनो, कुणाचा नवरा हाय ते? त्या पयल्याला हुरडा जास्त झालता. त्यो तसाबी उठला असता." पण बायका ऐकायच्या नाहीत. एकीनं विचारलं, "माझा नवरा लई तापट हाय, जरा जाड गोळी घाला की." जैनबी म्हणाली, "मग बांगडीमागं कवडी कशाला, त्यालाच हुबा कर." पण बार काढताना ती थट्टा करत नसे. प्रत्येक बांगडीच्या वेळी तोच गुडघा, तोच थांबलेला श्वास. एकाही बाईची बांगडी तिनं वाढू दिली नाही.

एका गोष्टीला मात्र तिचा ठाम नकार होता. स्वतःच्या हातातली बांगडी ती टांगू द्यायची नाही. दस्तगीर चेष्टेनं म्हणायचा, "सबकी चुडी चलती, मेरी जोरूकी नइ चलती. भरोसा नइ है क्या?" ती म्हणायची, "तुमाला कुठं गंडांतर हाय? तुमीच माझं गंडांतर." लोक हसायचे आणि विषय तिथंच संपायचा.

जहागीरदारांनी तिला एकदा शिकारीला नेलं होतं. काळवीट समोर आलं. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं काळविटाच्या पुढची माती उडवली आणि काळवीट पसार झालं. जहागीरदार चिडले. ती म्हणाली, "सरकार, कवडी लावा, फोडते. त्यानं माझं काय बिघडवलंय?" मग जहागीरदारांनाच हसू फुटलं आणि त्यांनी आपला शेला काढून तिला दिला. तो शेला तिनं बंदुकीला गुंडाळायला वापरला.

मग ते धामधुमीचं साल आलं. निजामाचं राज्य जाणार की राहणार याची कुजबूज वाढत चालली होती. जत्रा ओस पडू लागल्या. सडकेनं लांब जाऊ नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण दस्तगीर कुणाचं ऐकणारा नव्हता. बंदुकीचा बार पेटवणाऱ्या टोप्या संपत आल्या होत्या आणि पडद्यावरचा वाघ इतका विटला होता की मुलं त्याला बोकड म्हणायची. एका सकाळी तो हैदराबादच्या लॉरीत चढला. मी तिथंच होतो. लॉरीच्या मागून लटकून तो ओरडला, "नया परदा लाता. बाघ नइ, अबके तेरी तसबीर निकालके लाता."

जैनबी दारात उभी होती, हाताची घडी घालून. म्हणाली, "माझी तसबीर बघून कोण येणार? वाघच आणा."

त्यानंतर सडक बंद झाली. राज्य गेलं. कोण कुठं गेलं, कोण कुठं राहिलं, याचा मेळ घरोघरी लागेना. सडक पुन्हा सुरू झाली. लॉऱ्या आल्या. दस्तगीर आला नाही. त्याचा निरोप नाही, आणि वाईट बातमीही नाही. जैनबी त्याबद्दल बोलत नसे. फक्त तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांना ती फार जपू लागली होती. भांडी घासताना त्या कोपरापर्यंत वर चढवून फडक्यानं बांधायची. दळताना तसंच. एक-एक करून जुन्या झिजून, वाढून गेल्या होत्या. डाव्या हातात दस्तगीर होता तेव्हाची एकच उरली होती. तिच्या मागंपुढं मी नव्या भरल्या, पण ती जुनी तिनं काढू दिली नाही.

त्या साली सगळ्यांच्या बंदुका सरकारात जमा झाल्या. तिचीही झाली. बंदूक गेली म्हणजे तंबू गेला, आणि तंबू गेला म्हणजे चूल. ती तहसिलीत खेटे घालायची. नवे साहेब दुसरीकडून आलेले, माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही जत्रेत खेळ करता असं सगळे सांगतात. मी नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेला येणारच आहे. बंदूक तिथं आणवतो. माझ्यासमोर खेळ करून दाखवा. खरं असेल तर परत देतो."

जैनबीनं ते मला सांगितलं तेव्हा ती किती दिवसांनी हसली. "कवडी फोडून दाखवायची, एवढंच ना? ते तर झोपेत हुतंय."

जत्रेच्या दिवशी मी सकाळीच पाल लावलं. साहेब खुर्चीवर बसले. बंदूक आली. जैनबीनं शेला काढला, नळी साफ केली, दारू गालाला लावून पाहिली. एका पाटलिणीनं माझ्याकडून नवी बांगडी घेऊन पुढं केली. मी दोरा बांधायला उठलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, एक विचारू का?" बाबूराव होते. "ही बाई साऱ्या मुलखाच्या बांगडीतनं गोळी काढती. आजपातुर सोताची बांगडी टांगली न्हाय. का? कारण दुसऱ्याचं वाढलं तर हिचं काय जातंय. खरा नेम असंल तर हातातली काढ म्हणावं."

गर्दीत हशा पिकला. साहेबांनाही गंमत वाटली. त्यांना बांगडीचं काय असतं ते माहीत नसावं, किंवा असेल तरी त्या क्षणी लक्षात आलं नसावं. ते हसून म्हणाले, "बरोबर आहे की. बाई, तुमचीच होऊ द्या. मग प्रश्नच नाही."

जैनबी माझ्याकडं आली आणि तिनं डावा हात पुढं केला. मी तिची जुनी बांगडी चाचपली आणि मोठ्यानं म्हणालो, "निघत न्हाय साहेब. हाड मोठं हाय. काढायला गेलं तर वाढंल."

जैनबी माझ्याकडं बघत म्हणाली, "निघतीय. काढ."

आम्ही कासार. घट्ट बांगडी न वाढवता काढणं हे आमचं पोटाचं काम. मी तिच्या हाताला तेल लावलं, अंगठा आत दुमडला, बोटं एकत्र दाबली आणि ती बांगडी अलगद काढली. मी आयुष्यात इतक्या बांगड्या भरल्या, इतक्या काढल्या, पण ती काढताना मला वाटलं की आपण एखाद्याच्या घराची कडी काढतोय.

बांगडी दोऱ्यावर टांगली. मागं कवडी. जैनबीनं गुडघा टेकला. आणि मी, जो दरवेळी डोळे मिटत आलो होतो, त्या दिवशी मला डोळे मिटता आले नाहीत.

तिनं बंदूक खांद्याला लावली. नेहमीइतकी थांबली. मग नेहमीपेक्षा जास्त थांबली. समोरची बांगडी स्थिर होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मग मी पाहिलं की जैनबीचा डावा डोळा हळूहळू मिटला. जन्मात जिनं एक डोळा मिटला नाही, तिनं मिटला. तिचा नेम चुकणार नव्हता, हे मला माहीत होतं, तिलाही माहीत असणार. पण गोळीला काय कळतंय कुणाचा नवरा हाय ते, असं जी सगळ्यांना सांगायची, तिला त्या वेळी गोळीबद्दल तेवढी खात्री राहिली नसावी.

तिनं नळी खाली केली.

"हवा हाय," ती म्हणाली.

"हवा?" बाबूराव हसले. "पान हलंना आन हवा?" सगळी जत्रा हसली. साहेबही म्हणाले, "बाई, घाबरू नका, पुन्हा प्रयत्न करा. हवं तर दुसरी लावा." त्यांनी दुसरी लावा म्हटलं होतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण जैनबी उठली होती. ठासलेली बंदूक तशी देता येत नाही म्हणून तिनं बाजूच्या मातीच्या ढिगात बार काढला. मग नळी कुणाच्याही अंगावर येणार नाही अशी आडवी धरून तिनं बंदूक साहेबांच्या पुढ्यात ठेवली. वर शेल्याची घडी ठेवली.

"ठेवून घ्या, साहेब. माझं काम झालं."

मग ती माझ्या पालात येऊन बसली आणि हात पुढं केला. बाहेर लोक अजून हसत होते. मी बांगडी पुसली आणि भरायला घेतली. तो हात मी वर्षानुवर्षं ओळखत होतो. दगडासारखा स्थिर हात. तो इतका थरथरत होता की बांगडी बोटांच्या पेरांवर वाजत होती. मी म्हणालो, "घाई कुणाला, भाभी?" तिनं मान हलवली, पण हात थांबला नाही. मी तिची बोटं दोन्ही हातांत धरून बसलो, थरथर कमी होईपर्यंत, आणि मग भरली.

बंदूक परत आली नाही. लोकांनी म्हटलं, जैनबीचा नेम गेला. जिथं तिथं हेच. मी कुठं कुठं भांडलो, पण बांगडीवाल्याचं कोण ऐकतो. पुढच्याच महिन्यात ज्वारी दाण्यावर आली आणि तिनं सडकेला लागून असलेल्या एका शेताची राखण धरली. दाराशी दगडांचा ढीग होताच.

मी त्या वाटेनं जाताना थांबलो. माळ्यावर ती गोफण घेऊन उभी होती. एक दगड सुटला, लांब कुठं ताट हललं, पोपटांचा थवा उठला. कणीस जागेवर होतं. मी खालून म्हणालो, "कोण म्हणतंय नेम गेला?"

"ज्याला म्हणायचं त्याला म्हणू दे. वर ये. हुरडा हाय. जास्त खाऊ नको, रांग लागंल."

मी वर चढलो. आम्ही हुरडा खात बसलो. हैदराबादकडून सडकेनं एक माणूस चालत येत होता. डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर लांबलचक गुंडाळी. रंगवलेला पडदा गुंडाळला तर तेवढाच होईल. जैनबी बोलता बोलता थांबली. हुरड्याची मूठ तशीच राहिली.

आणि मग तिनं हात उचलला आणि सरळ त्या माणसाकडं बोट दाखवलं.

"कासारभाऊ, त्यो कोण येतोय, बघ बरं."

जिला बाभळीवरची सुई दिसायची ती मला बघायला सांगत होती. मी बघितलं. माणूस जवळ येत गेला. त्याच्या खांद्यावर शिंदीच्या चटया होत्या. चटया विकणारा कुणीतरी होता, तरणा, अनोळखी. मी ते बोललो नाही. तिला माझ्या आधीच दिसलं असणार.

पण तिनं बोट खाली घेतलं नाही. तो माणूस माळ्याच्या खालून गेला, त्यानं वर बघून रामराम केला, पुढं सोलापूरच्या वाटेला लागला, आणि तिचं बोट तसंच उगवतीच्या, हैदराबादकडच्या त्या रिकाम्या सडकेवर लावलेलं होतं.